धुऱ्यापलीकडच्या अळ्या

बोंडअळीला मारणारा विषाणू माणसाला काही करत नाही, हे मी बोरी अरब गावात घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. फवारणीनंतर सहाव्या दिवशी मात्र मला वेगळीच धास्ती लागली. तो अळीला तरी काही करतो का?

ते २००१ साल होतं. लोक चौथ्या-पाचव्यांदा विष फवारत होते आणि अळ्या ते पचवून टुमटुमीत होत होत्या. मी संशोधन केंद्रातली साधी सहायक. आमचा उपाय असा: या विषाणूच्या रोगानं मेलेल्या अळ्या वाटून, गाळून, त्या पाण्यात गूळ अन् नीळ घालून संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात विषाणू टिकत नाही. साहेब म्हणाले होते, "आधी शेतकरी मिळव." मिळाले एकटे पुंडलिकराव. माझी आई, कांताबाई, त्यांच्याच शेतात तण निंदायला जायची. त्यांनी अर्धा एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दिली, पण अट घालून.

"सात दिवस. मंग मेलेली अळी दाखव, नाही त मी माहा पंप काढतो."

विष पडलं की प्रयोग संपला, आणि पुन्हा गावात मला कुणी दारात उभं केलं नसतं. विषाणूचं काम सावकाश. तो अळीच्या पोटात वाढतो, मग आजारी अळी शेंड्यावर चढते आणि उलटी लटकून मरते. तोवर ती खातच राहते. माझं मात्र जेवण सुटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सगळ्या अळ्या जिवंत होत्या; मग केंद्राच्या कामात अडकले ती थेट सातव्या दिवशी सकाळी आले आणि ओळीओळीनं झाडं पाहिली. अळ्याच नव्हत्या. क्षणभर हरखले, मग लक्षात आलं. मेलेल्या तरी दिसायला हव्या होत्या! धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पुंडलिकराव विषाचा पंप पाठीला लावून उभे होते.

आई निंदता निंदता जवळ आली आणि म्हणाली, "शोधून काय राह्यली? म्या वेचल्या, दोन-तीन दिवसांआंधी. तुह्या प्रयोगात अळी दिसाले नोको म्हणून."

"आई! मारून टाकल्या?"

"मारीन कशी? वर्षावास चालू आहे, रोज विहारात पंचशील घेतो न आपुन. धुऱ्यापलीकडं तुरीत सोडून देल्या. जगतीन बापड्या."

असा संताप आला की सख्खी आई आहे हेही विसरले असते. पण माझ्याआधी पुंडलिकराव कडाडले, "माह्या तुरीत?" आणि तावातावानं धुरा ओलांडून गेले. आम्ही मागे धावलो.

तुरीच्या शेंड्यांवर अळ्या उलट्या लटकत होत्या. काळपट, लिबलिबीत. बोट लावलं की फुटत होत्या. तिथं कुणी थेंबभरही काही फवारलं नव्हतं.

पुंडलिकरावांनी एक-एक शेंडा वाकवून पाहिला. मग त्यांनी पंप खाली ठेवला.

"पोरी, बाकीच्या वावरात हे औषध कधी मारतं?"

मला रडूच फुटलं. अर्ध्या एकराची नोंद बिघडली होती, आईनं अळ्या वेचल्या हे वहीत खरं खरं लिहावं लागणार होतं, तरी मी जिंकले होते. हसतच आईकडे वळले.

ती तुरीच्या झाडाशी उभी राहून दोन्ही हात पदराला पुसत होती. पुन्हा पुन्हा.

"म्या त वाचवाले आणल्या होत्या, बाई," ती म्हणाली. "आता विहारात कोन्त्या तोंडानं बसू?"

तुझ्या हातानं नाही मेल्या, आधीच आजारी होत्या, असं मी सांगू लागले. मग आठवलं, आजारी मीच केल्या होत्या. मी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.