शेवटच्या नंबराची मुलगी

भावना हिलमला प्रवेश परीक्षेत दोनशेपैकी एकशे एकतीस गुण मिळाले, ही बातमी वाडीत सगळ्यांना कळली. पण एकशे एकतीस म्हणजे चांगले की वाईट, हे कुणालाच सांगता येईना. तिचा बाप यमाजी दोघा-तिघांना विचारून आला. एक म्हणाला, "शंभराच्या वर गेली ना? मग झालं." दुसरा म्हणाला, "दोनशेतले? मग बाकीचे एकोणसत्तर कुठं गेले?"

म्हसा गावाच्या बाहेर, ओढ्यापलीकडं त्यांची वाडी. पंचवीस-तीस घरं. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. भावना सहावीत असताना अशीच सहा-सात महिने भट्टीवर होती. सातवीच्या वर्षी मात्र तिच्या शाळेतल्या माधुरी बाईंनी यमाजीला बोलावून सांगितलं, "पोरगी हुशार आहे. यंदा तिला नेऊ नका." मग भावना आत्याकडं राहिली आणि परीक्षेला बसली.

ही परीक्षा मुलींच्या दोन निवासी शाळांसाठी होती. आठवी ते दहावी, राहणं-जेवण तिथंच. एक शहापूर तालुक्यात, आटगावजवळची निर्झर. दुसरी मुरबाडच्या अलीकडची पळसबाग.

माधुरी बाईंनी यमाजीला आणि भावनाला वर्गात बसवलं आणि फळ्यावर दोन आकडे लिहिले.

"गेल्या वर्षी निर्झरची यादी एकशे अडतीसवर थांबली. चाळीस जागा. पळसबागेची एकशे बारावर थांबली. साठ जागा. फॉर्मवर पहिली पसंती एकाच शाळेला द्यायची. तिथं नंबर लागला नाही, तर दुसऱ्या शाळेत जागा उरली असेल तरच. आणि गेल्या वर्षी एकही उरली नव्हती."

"मंजे पळसबाग पयली घातली तर नक्की?" यमाजीनं विचारलं.

"जवळजवळ नक्की. पण माझ्या मनात निर्झर आहे. यंदाचा पेपर कठीण होता. यादी एकशे तीसपर्यंत उतरेल, असा माझा अंदाज आहे. आपल्या शाळेची एकही मुलगी आजवर निर्झरला गेलेली नाही."

"आन् नाय उतरली तर?"

नाही उतरली तर दिवाळीनंतर भावना भट्टीवर, हे तिघांनाही ठाऊक होतं.

भावना मात्र फळ्याकडं बघत होती. "बाई, हे एकशे अडतीस कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे?"

"यादी थांबली मंजे कुठल्या तरी पोरीवर थांबली ना. ती कोण?"

"असेल कुणीतरी. शेवटच्या नंबरानं लागलेली."

"मग तिचं पुढं काय झालं?"

बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. "सतरा वर्षं मी हे फॉर्म भरतेय," त्या म्हणाल्या, "हे मला कुणी विचारलं नाही. मलाही कधी सुचलं नाही."

"मी निर्झरला लागले तर तिच्याच जागी असनार," भावना म्हणाली. "मंजे मला ती म्हायती पायजे."

फॉर्म भरायला आठ दिवस होते. यमाजीनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घातला. "चल गो. बघून येऊ," एवढंच म्हणाला.

म्हशाहून मुरबाड, मुरबाडहून शहापूरची एसटी, तिथून आटगावला रिक्षा. निर्झरच्या फाटकाशी पोचायला अकरा वाजले. मे महिना असल्यामुळं शाळा रिकामी होती, फक्त प्रवेशाच्या कामासाठी कार्यालय उघडं. मुख्याध्यापिका वैद्य मॅडम फोनवर होत्या, म्हणून कारकून तोवर दोघांना शाळा दाखवायला घेऊन गेला.

ग्रंथालयात कपाटं छतापर्यंत होती. प्रयोगशाळेत लांबच लांब ओटे, त्यांवर बरण्या आणि कोपऱ्यात माणसाच्या हाडांचा सापळा, लोखंडी दांडीला टांगलेला. यमाजी दारातच थांबला. भावना थेट सापळ्यापुढं जाऊन उभी राहिली. आधी तिनं आपल्या बरगड्या चाचपल्या, मग त्याच्या मोजल्या. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा. मग तिनं कारकुनाकडं बघितलं आणि हळूच सापळ्याच्या हाताचं बोट धरलं.

"खरी हाडं हायत?"

"प्लास्टिकची," कारकून हसला. "नववीत सगळ्यांची नावं पाठ करावी लागतात."

भावनानं ते बोट बराच वेळ सोडलं नाही. परत कार्यालयात जाताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

वैद्य मॅडमच्या खोलीत भिंतभर फोटो होते. दहावीत पहिल्या आलेल्या मुलींचे, वर्षवार. मॅडमनी दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, एकशे एकतीस गुण ऐकून मान हलवली. "सीमेवर आहेस. यंदा काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण काही विचारायचं असेल तर विचार."

"गेल्या वर्षी तुमची यादी एकशे अडतीसवर थांबली. ती पोरगी आता कशी हाय?"

मॅडमना प्रश्न नीट कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी फोटोंकडं पाहिलं, जणू तिथं ती सापडेल. "नाव आठवत नाही. थांब, बघू." त्यांनी कारकुनाला आठवीचं रजिस्टर आणायला लावलं. त्यानं यादीवरून नाव काढलं, मग हजेरीत बोट फिरवत गेला आणि एका जागी थांबला.

"कसाऱ्याच्या वरची मुलगी आहे, मॅडम. डिसेंबरपर्यंत हजर. जानेवारीपासून गैरहजर. मार्चमध्ये नाव कमी केलं."

"का?"

"दोन पत्रं पाठवली होती. उत्तर नाही आलं."

यमाजीला वाटलं, पोरीनं भलतंच विचारलं. तो उठायच्या बेतात होता. पण वैद्य मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी ते पान स्वतःकडं ओढून घेतलं, नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माहीत असायला हवं होतं. तुला हे का विचारावंसं वाटलं?"

"मी आले तर मीच शेवटची असन, म्हनून."

मॅडमनी तिचं नाव, गाव आणि माधुरी बाईंचा नंबर लिहून घेतला. फाटकापर्यंत सोडायला आल्या.

परतीच्या एसटीत यमाजी शहापूर सुटेपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "शाळा चांगली हाय गो."

"लय चांगली हाय," भावना म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढून तो प्लास्टिकचा हात जात नव्हता. आणि त्याच्या बाजूलाच एक बिनचेहऱ्याची मुलगी होती, कसाऱ्याच्या वर कुठंतरी.

दुसऱ्या दिवशी ते पळसबागेला गेले. इथं बघण्यासारखं फार नव्हतं. कौलारू वर्ग, जेवायची पत्र्याची शेड, प्रयोगशाळा म्हणजे एक कुलपाचं कपाट. भावनानं फटीतून डोकावून पाहिलं. आत परीक्षानळ्या आणि एक लोहचुंबक दिसला. तिचा चेहरा पडला. यमाजीनं ते पाहिलं.

मुख्याध्यापिका अनिता भोईर शेडमध्ये तांदळाची पोती उतरवून घेत होत्या. भावनानं तिथंच, उभ्या उभ्या, तोच प्रश्न विचारला. एकशे बारा गुणांवर यादी थांबली, ती मुलगी कोण?

"कमळ," भोईर बाई लगेच म्हणाल्या. मग आत तोंड करून हाक मारली, "कमळे, बाहेर ये गं, तुला कुणी भेटायला आलंय!"

एक उंच, सावळी मुलगी ओले हात पुसत आली. तिचे आईबाप अजून भिवंडीकडच्या भट्टीवर होते, म्हणून ती आणि आणखी सहा जणी सुट्टीतही वसतिगृहात राहिल्या होत्या. भोईर बाईंनी दोघींना पायरीवर बसवलं आणि स्वतः पोत्यांकडं वळल्या.

"तू शेवटची लागलीस?" भावनानं विचारलं.

"हां. तुला कुनी सांगितलं?"

"आता कितवी हायस?"

"साठात चव्वेचाळिसावी." कमळनं ते मिरवलंही नाही, लपवलंही नाही. "गनितात एकदा नापास झाले. मग बाईंनी रोज सकाळी बसवलं. अजून मला अपूर्णांक नाय आवडत."

"शाळा सोडावीशी नाय वाटली?"

"सोडली होती ना! दिवाळीला घरी गेले, तिथनं आयबाबांबरोबर भट्टीवर. पंधरा दिवस झाले आन् एक दिवस बघते तर भोईर बाई विटांच्या मधनं साडी सावरत चालत आल्या. बाबा म्हनला, पोरगी गेली तर बारक्याला कोन सांभाळनार? तवा त्या गेल्या. मला वाटलं, संपलं. आठ दिवसांनी परत आल्या. बारक्याची सोय तिथल्या पाळणाघरात करून आल्या होत्या. मग बाबानं सोडलं मला."

यमाजी शेडच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"तुला किती पडले?" कमळनं विचारलं.

"एकशे एकतीस."

"अगो बाय! मग इथं कशाला आलीस?"

भावनाला हसू आलं. "बघायला," ती म्हणाली.

फॉर्म भरायच्या दिवशी माधुरी बाईंनी पेन तिच्याच हातात दिलं. पहिल्या पसंतीच्या रकान्यात भावनानं पळसबाग लिहिलं.

"भीती वाटली का?" बाईंचा आवाज जरा ओढलेला होता. "खरं सांग. एवढे गुण असताना मी तुला जपून खेळू देणार नाही."

"भीती वाटते. पन भीतीपायी नाय लिवलं." भावना शब्द शोधत होती. "बाई, तिकडं मी लागले आन् जानेवारीत गायब झाले तर त्यांना मार्चमधी कळंल. इकडं पंधरा दिवसांत कळंल. आमच्या घरी असं होऊ शकतं. तुमाला म्हायती हाय."

माधुरी बाईंनी यमाजीकडं पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"तिनं इचारलं, तिनं ऐकलं," यमाजी म्हणाला. "आता लिवलं ते तिनंच."

जूनच्या पहिल्या आठवड्यात याद्या लागल्या. पळसबागेत भावनाचा नंबर सोळावा होता. आणि निर्झरची यादी एकशे तीसवर थांबली होती. बाईंचा अंदाज बरोबर निघाला. निर्झर पहिली घातली असती, तर भावना तिथं लागली असती.

बाईंनी हे लपवलं नाही. मोबाइल तिच्यापुढं धरला. भावनानं आकडा पाहिला. मग ती शाळेच्या मागं जाऊन चिंचेखाली बसली. ते लांब ओटे, छताला भिडलेली कपाटं, बरगड्या. सगळं एका गुणानं आपलं होत होतं आणि आपल्याच हातानं गेलं. ती रडली. तिची आई ठकू तिला शोधत आली तेव्हा तिनं डोळे पुसले, पण घरी जायला उठली नाही. ठकूही मग तिच्याशेजारी बसून राहिली.

चार दिवसांनी माधुरी बाई स्वतः वाडीवर आल्या. निर्झरहून फोन आला होता. वैद्य मॅडम कारकुनाला घेऊन कसाऱ्याच्या वर जाऊन आल्या होत्या. ती मुलगी सापडली. आई आजारी पडली म्हणून घरी राहिली होती. पत्रं आली तेव्हा घरात वाचणारी तीच एकटी, आणि तिनं ती कुणाला वाचून दाखवलीच नव्हती. आता आई बरी होती. शाळा उघडली की मुलगी परत आठवीत बसणार होती.

"मॅडम म्हणाल्या, तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला हे सांगा," बाई म्हणाल्या.

"नाव काय तिचं?" भावनानं विचारलं.

"वर्षा."

इतके दिवस बिनचेहऱ्याच्या असलेल्या मुलीला नाव मिळालं, तसं भावनाला उगाच बरं वाटलं. तिनं आणखी चार प्रश्न विचारले: उंची किती, भावंडं किती, आईला काय झालं होतं, पत्रं तिनं का लपवली.

पळसबागेत पहिले पंधरा दिवस भावनाला झोप लागली नाही. मग लागू लागली. ती वर्गात एवढं विचारायची की बाकीच्या मुली आधी कंटाळल्या आणि पुढं आपले प्रश्नही तिच्या कानात सांगू लागल्या. कपाटाची किल्ली विज्ञानाच्या बाईंनी ऑगस्टमध्येच तिच्या ताब्यात दिली. पहिल्या चाचणीत ती तिसरी आली, इंग्रजीत मात्र काठावर पास.

दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी वाडीत भट्टीचा ट्रक यायचा होता. ठकूनं भांडी बांधली होती, शेजारची कुटुंबं रस्त्याला येऊन बसली होती. यमाजी मुकादमाला म्हणाला, "दुपारपर्यंत थांब. मी आलोच." आणि भावनाला घेऊन मुरबाडच्या एसटीत बसला.

फाटकाशी भोईर बाई हजेरीचा कागद घेऊन उभ्या होत्या. भावनाच्या नावापुढं त्यांनी खूण केली, यमाजीला नमस्कार केला आणि भट्टी कुठल्या गावाजवळ आहे ते विचारून लिहून घेतलं.

"आज काय शिकवनार?" यमाजीनं लेकीला विचारलं. त्याला निघवत नव्हतं.

"बीजगणित."

"ते काय असतं?"

"म्हायती नाय, बाबा. एक आकडा म्हायती नसतो, तो शोधायचा असतो म्हनं."

यमाजीनं पिशवी तिच्या हातात दिली. "मे महिन्यात आलो की मला सांग," तो म्हणाला आणि एसटी चुकू नये म्हणून भराभर चालू लागला.