वरच्या गावातली घंटा

“ढगावर बांधलंय व्हय गं हे गाव?”

बसमधून उतरल्या उतरल्या प्रेमलाबाईंनी विचारलं आणि उत्कर्षा हसली. दिसत होतं मात्र अगदी तसंच. खाली दरीत धुकं भरून राहिलेलं, त्यात शेतं दिसत नव्हती की रस्ता, आणि त्या पांढऱ्याच्या वर, टेकडीच्या टोकाला, पिवळट दगडांची घरं एकमेकांना धरून बसली होती. मधोमध एक मनोरा होता.

“सात-आठशे वर्षांचं जुनं आहे, आई. लढाया चालायच्या ना सारख्या, म्हणून लोक वर येऊन राहिले.”

“आन् पाणी?”

“पाण्याचं काय?”

“एवढं वर कोन चढवायचं?”

सोलापूरच्या माणसाला स्वर्गाच्या दारात नेऊन उभं केलं, तरी तो आधी इथं नळ किती दिवसांनी येतो तेच विचारेल. दोघी चढाला लागल्या.

प्रेमलाबाई सोलापुरात मुलींच्या एका शाळेत शिपाई होत्या. नवरा त्याच शाळेत शिपाई होता. तो अचानक गेला तेव्हा त्याच्या जागी यांना घेतलं. उत्कर्षा तेव्हा दीड वर्षाची होती. शाळेची घंटा म्हणजे हातभर लांबीचा रेल्वेच्या रुळाचा तुकडा, व्हरांड्यात साखळीला टांगलेला. एकतीस वर्षं प्रेमलाबाईंनी त्यावर टोल दिले. त्यांचा हातोडा पडल्याशिवाय गणिताचा तास संपत नसे आणि मधली सुट्टी होत नसे. मोठ्या बाईसुद्धा आपलं घड्याळ माझ्या टोलावर लावतात, असं त्या सांगत. खरं किती ते मोठ्या बाईच जाणोत, पण सांगताना प्रेमलाबाईंची मान जरा ताठ व्हायची.

फेब्रुवारीअखेर त्या निवृत्त झाल्या आणि मार्चमध्ये लेकीकडे फ्रान्सला, तुलूज शहरात आल्या. उत्कर्षा तिथं विमानांच्या कारखान्यात नोकरी करायची. इथं टोल नव्हते, त्यामुळं आल्यापासून प्रेमलाबाईंच्या दिवसाचे तुकडेच पडेनासे झाले. लेक सकाळी सातला जाई ती संध्याकाळी सातला येई, आणि संध्याकाळ म्हणावी तर बाहेर लख्ख ऊन. मे महिना लागला तसा नऊ वाजत आले तरी सूर्य खिडकीतून हलेना. दुपारी डोळा लागून उठलं की सकाळ आहे की संध्याकाळ ते कळायचं नाही. त्या चहा करायच्या, आणि पिता पिता वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत, हा चहाही स्वप्नातलाच. वाईट नव्हतं ते. पोहता न येणाऱ्याला कुणी पाण्यावर अलगद धरून ठेवावं, तसं वाटायचं.

एक गोष्ट मात्र लेकीला ठाऊक नव्हती. येताना प्रेमलाबाई सोलापुरातली, शेळगी भागातली आपली भाड्याची खोली सोडून आल्या होत्या. घरमालकाचा मुलगा विरेश, त्याच्या हातात किल्ली दिली. सामानसुमान दुधनीच्या जावेकडे, हेमावतीकडे धाडलं. आता लेकीकडंच, असं सगळ्या गल्लीला सांगितलं. परतीचं तिकीट होतं. पण ते व्हिसासाठी काढावंच लागतं, नियम आहे, असं उत्कर्षाच फोनवर म्हणाली होती. एवढ्यावर बाईंनी तीन महिने मनातल्या मनात मांडे खाल्ले. आज ना उद्या लेक म्हणेल, आई, आता कशाला जातेस, आपण करू काहीतरी. आपण होऊन विषय काढायचा नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. लेकीच्या घरी न मागता मिळेल तेवढंच घ्यावं, ही त्यांची रीत.

तिकीट गुरुवारचं होतं, आणि आज शनिवार उजाडला होता.

गल्ली अरुंद होती, पायाखाली गोटे. दोन्ही बाजूंना दगडी घरं, निळी दारं, दारावर चढलेले गुलाब आणि खिडक्या सगळ्या बंद. खालचं धुकं गल्लीतून त्यांच्या मागोमाग वर येत होतं. एका उंबऱ्यावर मांजर झोपलं होतं, त्यानं डोळासुद्धा उघडला नाही. प्रेमलाबाईंना वाटलं, या गल्लीतून आपण कधीतरी गेलोय. करमाळ्याकडं, माहेरच्या वाडीत, लहानपणी तापात असताना बहुतेक.

“मानसं कुटं गेली समदी?”

“शहरात. पोरं गेली, मग त्यांच्या मागनं बाकीचे गेले. आता दहा-बारा म्हातारे उरलेत फक्त.”

“मग आमच्या वाडीसारकंच की.”

उत्कर्षा पुढं चालत राहिली. चर्चच्या पायऱ्यांपाशी आल्यावर ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “आई, एक बोलायचं होतं. गुरुवारचं…”

प्रेमलाबाईंनी पदर सावरला. आला, तो क्षण आला. “बोल की.”

तेवढ्यात उत्कर्षाचा फोन वाजला. ऑफिसचा होता. रेंज शोधत ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. प्रेमलाबाईंना तिथं नुसतं उभं राहवेना. एवढं मोठं काही ऐकायचं तर आधी देवाच्या पाया पडून यावं. देव कुठला का असेना. त्यांनी पायरीवर चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि त्या आत शिरल्या.

आत अंधार आणि गारवा होता. उंच खिडकीच्या रंगीत काचांतून लाल-निळा उजेड फरशीवर सांडला होता. आणि दाराशीच, मनोऱ्याच्या पोटातून, एक जाड दोर लोंबत होता. आता सांगा, देवळात शिरताना दोर हाताशी असेल तर माणूस काय करील? घंटा न वाजवता देवापुढं जाणं म्हणजे कडी न वाजवता कुणाच्या घरात घुसणं. प्रेमलाबाईंनी दोर ओढला. तो हलेना. शाळेच्या शिपाईबाई त्या, घंटेपुढं हार कशी मानतील? त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार टाकला. वर काहीतरी कुरकुरलं. मग दोरानंच त्यांना चवड्यांवर उचललं, आणि टोल पडला.

असा आवाज त्यांच्या रुळाला एकतीस वर्षांत आला नव्हता. तो छातीत शिरला आणि पाठीतून निघून गेला. घंटा आपल्याच भारानं झुलत राहिली, टोल पडत राहिले, त्या दोर धरून वर-खाली होत राहिल्या. डोळे मिटले गेले. धुक्यावरून तो आवाज लांब लांब चालत जातोय असं त्यांना दिसत होतं. किती टोल झाले ते मोजायचं राहिलं. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

त्या बाहेर आल्या तर पायऱ्यांखाली माणसं जमली होती. बंद वाटलेल्या घरांतून बाहेर पडलेली म्हातारी माणसं. एकाच्या गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच होता. घरातल्या सपाता घालून आलेल्या एका आजींनी ॲप्रनच्या ओच्यात काहीतरी धरलं होतं. त्यांच्यातून वाट काढत उत्कर्षा धावत आली.

“आई! काय केलंस हे?”

“घंटा वाजीवली. देवळात जाताना वाजीवत्यात न्हवं.”

“तशी घंटा नाही गं ही! इथं कुणी गेलं की मगच हातानं वाजवतात. ते विचारतायत, कोण गेलं?”

प्रेमलाबाईंनी सवयीनं माणसं मोजली. नऊ होती. तीही एकमेकांना मोजत होती, कोण कमी आहे ते बघत होती. प्रेमलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कोन गेलं न्हाय म्हनावं,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “मी आले, म्हनून वाजीवली. आपल्यात देवाला सांगायचं असतंय, मी आले म्हनून. त्यांस्नी सांग की नीट.”

उत्कर्षानं हात जोडत, अडखळत सांगितलं. मग रुमालवाले आजोबा खळखळून हसले, बाकीचेही हसायला लागले. सपातावाल्या आजी पायऱ्या चढून वर आल्या आणि प्रेमलाबाईंचा दंड धरून बराच वेळ बोलत राहिल्या. प्रेमलाबाई ऐकत होत्या. लग्न होऊन दुधनीला गेल्या तेव्हा सासू सगळं कन्नडमध्ये बोलायची. वर्षभर त्यांनी तोंडाकडे बघूनच सगळं समजून घेतलं होतं. या आजी रागावलेल्या नव्हत्या, एवढं त्यांना कळलं.

“काय म्हनत्यात?”

“म्हणतायत, इतक्या वर्षांत कुणी आलं म्हणून ही घंटा कधी वाजलीच नाही.”

आजींनी आणखी काहीतरी विचारलं.

“आन् आता काय इचारलं?”

“काही नाही. असंच.”

“सांग की.”

“विचारतायत…” उत्कर्षानं खाली पायरीवरच्या चपलांकडे बघितलं. “आता लेकीकडंच राहणार का, म्हणून.”

प्रेमलाबाईंनी लेकीकडे बघितलं. तिचा चेहरा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. प्रार्थना सुरू झाल्यावर धापा टाकत येणाऱ्या पोरी शाळेच्या मोठ्या फाटकाबाहेर अशाच उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत, आत येऊ का म्हणायच्या नाहीत, नुसत्या खाली बघायच्या. प्रेमलाबाईंनी त्यांना कधी कारण विचारलं नव्हतं. बाजूचं लहान फाटक उघडून द्यायच्या आणि तोंड फिरवायच्या. आपली लेक कधीपासून अशी बाहेर उभी आहे, कोण जाणे. त्यांना फार वाईट वाटलं. आधी स्वतःचं, आणि मग तिचं जास्त.

“न्हाय म्हनावं,” त्या म्हणाल्या. “गुरुवारी जानार हाय. सोलापुरात माजं घर हाय.”

उत्कर्षानं तेवढं सांगितलं. आजींनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं, मान हलवली आणि आपला ॲप्रनचा ओचा पुढे केला. त्यात झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या चेरी होत्या, देठासकट. प्रेमलाबाईंनी नकळत पदर पसरला आणि आजींनी तो भरला. नवरा गेल्यापासून प्रेमलाबाईंची ओटी कुणी भरली नव्हती. या बाईला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

माणसं पांगल्यावर दोघी गावाच्या टोकाला, बुटक्या दगडी भिंतीवर जाऊन बसल्या.

“मी तेच बोलणार होते, आई,” उत्कर्षा म्हणाली. “माझं काँट्रॅक्ट डिसेंबरपर्यंतच आहे. पुढं कुठं जाईन, मलाच माहीत नाही. एवढ्याशा खोलीत तू दिवसभर भिंतीकडं बघत बसतेस, आणि मला ऑफिसात तेच दिसत राहतं. मी तुला ठेवून घ्यायला हवं, कळतंय मला. पण मला नाही गं जमत.” आणि ती रडायला लागली.

“येडी का खुळी तू? कुनी म्हटलं तुला ठिवून घे म्हनून?” प्रेमलाबाईंनी पदराचा मोकळा कोपरा तिच्या गालावरून फिरवला. “जा, तोंड धू. येताना बस थांबली तितल्या हाटेलातनं कापी आन दोन कप. साखर जास्त घाल म्हनावं.”

ती वळणाआड गेल्यावर त्यांनी फोन काढला.

“विरेश, मी प्रेमलामावशी.”

“अव मावशी! फ्रान्सातनं बोलताय व्हय? आवाज लई किलियर येतंय की!”

“ऐक. माजी खोली दिली का रं कुनाला?”

“दिली की, मार्चातच. दवाखान्यातली सिस्टर हाय एक. का वं?”

“आन् वरची, गच्चीवरची?”

“पत्र्याची? ती मोकळीच हाय. पर मावशी, त्रेचाळीस चाललंय हितं. तितं मानूस ऱ्हातंय व्हय?”

“वारं असतंय रं वर. झाडून ठेव. शनवारी सकाळी येते मी.”

“मावशी, तुमी तर कायमचं म्हनून…”

“चेरी खाल्लीस का रं कदी?” प्रेमलाबाईंनी विचारलं. “लई ग्वाड असत्यात. ठिवते आता.”

उत्कर्षा कॉफीचे कप सांभाळत आली. तोंड धुतलेलं होतं, आणि खांदे तीन महिन्यांत पहिल्यांदा सैल पडले होते. “कुणाशी बोलत होतीस?”

“विरेशशी. म्हटलं, खोली झाडून ठेव.”

“बघ, तिकडं सगळे तुझी वाटच बघत असणार.”

“व्हय की.”

“पोचलीस की आधी व्हिडिओ कॉल कर हं. कुलूप काढतानाच. मला आपलं घर बघायचंय.”

“करते की.”

उत्कर्षानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं ती अगदी लहान असल्यासारखी, तोंड जरासं उघडं ठेवून झोपून गेली. कॉफी निवत होती. तिला जाग येऊ नये म्हणून खांदा न हलवता, प्रेमलाबाई पदरातली एकेक चेरी घेऊन, नखानं बी काढून, लेकीसाठी कपाच्या झाकणावर ठेवत राहिल्या.