झुंबरबाईंची खळ

सोड्याचं माप पातेल्यात रिकामं झालं आणि झुंबरबाईंना शंका आली. पाहुण्यांना चहा द्यायला जाण्याआधीही आपण एक माप ओतलं होतं का?

पातेल्यात मक्याच्या पिठाची खळ रटरटत होती. कसबा बावड्याच्या या प्रयोगशाळेत गेली पाच वर्षं त्या हीच शिजवत होत्या. खाणीतलं बॉक्साइट धुतलं की लाल पाणी तासन्‌तास गढूळ राही. त्यात ही खळ घातली की गाळ झरझर तळाला बसे. महागड्या रसायनाऐवजी ती चालते का, हे बघायला २००१च्या मार्चातल्या या दिवशी खाणवाले पाहुणे आले होते. इंगवले साहेब आठ महिने याच दिवसासाठी राबले होते.

पण पीठ विरघळवणारा हा कॉस्टिक सोडा दुप्पट पडला असेल तर? मागं एक थेंब मनगटावर उडाला, तर कातडी सोलून निघाली होती. सांगावं तर नोकरी जाईल. न सांगावं तर कुणाचा तरी हात भाजेल.

खळ निवल्यावर साहेबांनी पातेलं पाहुण्यांपुढं ठेवलं. झुंबरबाई दाराशी उभ्या होत्या.

"म्हणजे कपड्याची खळच की," एक पाहुणा हसत बोट पुढं करून म्हणाला.

"पावणं, हात लावू नका." आवाज आपलाच आहे, हे झुंबरबाईंना क्षणभर कळलं नाही. "साहेब, माझी चूक झालीया. सोडा एकदा घातला का दोनदा, ध्येनात न्हाय."

साहेबांचा चेहरा उतरला. नवी खळ शिजायला दुपार जाणार होती. पाहुण्यांना तेवढा वेळ नव्हता. ते निघून गेले.

संध्याकाळी साहेबांनी खळ तपासली. सोडा बरोबर एकच माप होता.

"मावशी, उगीच घाबरलात," ते थकून म्हणाले. "उद्यापासून बाळासो शिजवेल. तुम्ही झाडलोट बघा."

"व्हय साहेब."

दुसऱ्या दिवशी बाटल्या धुणारा बाळासो पातेल्यापुढं उभा राहिला. झुंबरबाई केरसुणी ठेवून आत आल्या.

"आधी पाणी, मग सोडा. सोड्यावर पाणी कवा वतू नगंस."

"ठावं हाय की, आक्का."

त्यानं माप उचललं. खुंटीवरचा डोळे जपायचा जाड चष्मा काढून त्यांनी त्याच्यापुढं धरला. त्यानं तो डोळ्यांवर चढवेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.