राखीव जागा

“काका, बाकीचे सगळे सर्व्हर हलले. तुमचा एकटाच हलत नाहीये,” मॅडम म्हणाल्या.

मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तरी त्या मॅडम आणि मी काका. तीन महिन्यांपूर्वी आल्या आणि साहेबांच्या तोंडी त्यांच्याशिवाय दुसरा विषय राहिला नाही. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

पूर्वी आमच्या इस्पितळात एका मशीनवर एकच सर्व्हर चालायचा. आता सहा मशीनची ताकद एकत्र करून त्यातून चाळीस व्हर्च्युअल, म्हणजे स्वतःचं मशीन नसलेल्या, सर्व्हरना लागेल तेवढी मेमरी वाटून देतात. एखादं मशीन कुरकुरायला लागलं, की त्यावरचे सर्व्हर चालू असतानाच दुसरीकडे हलवायचे. आज तिसऱ्या मशीनचा पंखा बंद पडत आला होता आणि रुग्णांचे रिपोर्ट देणारा माझा सर्व्हर त्यावरच अडून बसला होता. तो बंद पडला असता तर खिडकीपुढची रांग ताटकळली असती.

कारण मला ठाऊक होतं. मागच्या महिन्यात साहेबांनी सगळ्यांदेखत मॅडमची पाठ थोपटली, त्याच दुपारी मी माझ्या सर्व्हरसाठी दुप्पट मेमरी राखून ठेवली. गरज काडीची नव्हती. त्यांच्या सर्व्हरना कमी पडावी, ते रखडावेत, एवढंच मनात होतं. आता तेवढी मोकळी जागा दुसऱ्या कुठल्याच मशीनवर नव्हती.

मॅडमनी नोंद उघडली. बदल कुणी केला, कधी केला, सगळं पडद्यावर होतं. तारखेवर त्यांची नजर जरा थांबली.

“मी काढू, की तुम्ही काढता?” त्यांनी हळूच विचारलं.

ती राखीव मेमरी मीच काढली. सर्व्हर बघता बघता पाचव्या मशीनवर गेला. खिडकीपुढच्या रांगेला पत्ताही लागला नाही.

तेवढ्यात साहेब डोकावले. मॅडम, जमवलंत की, म्हणाले.

“काकांनी जागा करून दिली, म्हणून जमलं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी चहाडी केली असती तर परवडलं असतं. निदान रागावता तरी आलं असतं.

तिसरं मशीन बंद करून वायरी काढायला मीच गेलो. हे सगळं एकत्र होण्याआधी ते माझ्या सर्व्हरचं एकट्याचं मशीन होतं. पुढच्या बाजूला माझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली होती: रिपोर्ट. ती नखानं खरवडून काढली. खालचा पत्रा अजून गरम होता.