कुंडाच्या वाटेवरची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, मित्रांनो. तळहातापेक्षा थोडी मोठी, वर एक भोक आणि भोकात दोरी. माझ्यावर अक्षर एकही नाही. तापलेल्या सळईने माशाचा गळ तेवढा डागलेला आहे, कारण ती आमच्या घराची खूण. बेटावर सतरा घरे आहेत आणि प्रत्येक घराची अशी एक पाटी आहे.

आमच्या बेटावर किनाऱ्याच्या खडकांत गरम पाण्याचे एकच कुंड आहे. भरतीला समुद्र त्याच्यावरून जातो आणि पुऱ्या ओहोटीला ते इतके कढत असते, की त्यात बोटसुद्धा बुडवता येत नाही. मधल्या दोन तासांत समुद्राचे पाणी बेताने मिसळते, तेवढ्यात अंघोळ उरकायची. म्हणून केवड्याच्या बनापाशी वाटेवर एक खांब पुरला आहे. जाताना खिळ्यावर आपल्या घराची पाटी टांगायची, येताना काढून न्यायची. दुसऱ्याची पाटी दिसली की खांबापुढे पाऊल टाकायचे नाही. अंघोळ करणाऱ्याला बघणे यासारखी लाजेची गोष्ट आमच्याकडे नाही. ‘आत माणूस आहे’, एवढे एकच वाक्य मला बोलायचे असते आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

इवाकिचीने मला बनवले ते त्याच्या लग्नाच्या वर्षी. वडिलांची होडी वादळात फुटली होती, तिच्या फळीतून त्याने मला कापले आणि दोन दिवस घासत बसला. माणूस मायाळू, पण विसराळू असा की विचारू नका. अंघोळ करून गाणे गुणगुणत सरळ घरी जायचा आणि मी खिळ्यावर लोंबकळत राहायची. मग त्याची बायको सावा तरातरा यायची, मला काढायची आणि घरापर्यंत त्याच्या नावाने बोटे मोडायची. मला ते ऐकायला आवडायचे. पुढे त्यांना मिसाओ झाली. पंधराव्या वर्षी शिकायला बोटीने गेली आणि मोठ्या शहरातच नोकरीला राहिली. आमच्याकडची मुले अशीच जातात.

सावा वारली आणि मला घरी न्यायला कोणी उरले नाही. शेजारची तोमे आजी मला इवाकिचीच्या दाराला आणून अडकवायची.

“इवाकिची, तुझं घर सकाळपासून अंघोळ करतंय. सालं निघाली असतील एव्हाना.”

“असू दे आजी. पाटी आली ना घरी? मग तिला वाट पाठ झाली म्हणायची.”

“पाटी नाही आली. माझे गुडघे आले.”

दुसऱ्या दिवशी तो तिला टोपलीभर रताळी नेऊन द्यायचा आणि आठवडाभरात पुन्हा विसरायचा. सारे बेट हसायचे. मीही आधी हसले. पण हळूहळू माझा शब्द कोणी खरा मानेनासे झाले, मित्रांनो, आणि ते मला फार लागले. लोक मला बघायचे आणि म्हणायचे, “ही का, ही नेहमीचीच.”

आईच्या मातीला आलेली मिसाओ त्यानंतर सहा वर्षांत फिरकली नव्हती. दोनदा निघाली, पण लाटांमुळे बोट धक्क्याला न लागता माघारी गेली. त्या वर्षी तिचे पत्र आले, की कारखाना सोडते आहे, आता घरीच राहायचे म्हणते. इवाकिचीने ते पत्र सतरा घरांत वाचून दाखवले. काही घरांत दोनदा.

ती यायची त्या सकाळी तो लवकरच अंघोळीला निघाला. वस्तरा घेतला होता आणि नवा सदरा घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांवर धरला होता. मला खिळ्यावर टांगताना म्हणाला, “आज विसरलो तर पोरगी काय म्हणेल?” तो केवड्याच्या वळणाआड गेला आणि परत आला नाही.

पाणी चढू लागले. माझे वाक्य मी बोलत होते, पण ऐकायला वाटेवर कोणी नव्हते. बोट उशिरा लागली. मिसाओ धक्क्यावरून खांबापाशी आली तेव्हा कुंड समुद्राखाली गेले होते आणि अशा वेळी तिथे कोणी अंघोळीला नसते, हे बेटावरचे शेंबडे पोरही जाणते. तिची पिशवी घेऊन तोमे आजी बरोबर चालत होती.

“बाबा आले नाहीत धक्क्यावर?” मिसाओने विचारले.

“रताळी खणायला गेला असेल तुझ्यासाठी. आणि ही बघ, विसरला पाटी. काढ गं, माझ्या हातात तुझी पिशवी आहे.”

मिसाओ हसली. मला काढून तिने पदराने पुसावे तसे बाहीने पुसले. सहा वर्षांनी तिचा हात लागला होता. मी ओरडू शकले असते तर त्या क्षणी ओरडले असते. तिने मला घरी नेले, दाराला अडकवले, चूल पेटवली आणि वडिलांना आवडते तशी मासळी रांधली. दोघांची ताटे वाढून ती बसून राहिली.

दुपार कलल्यावर ती शोधायला निघाली. वळणापलीकडे केवड्याच्या फांदीवर नवा सदरा वाळत घातल्यासारखा होता. खालच्या खडकांच्या फटीत पाय अडकून इवाकिची बुडाला होता. मला खिळ्यावरून काढले तेव्हा पाणी त्याच्या कुठवर आले होते, हे बेटावर कोणालाच ठाऊक नाही. मिसाओ मात्र तेवढेच विचारत राहते.

“काढली मी, आजी,” ती त्या रात्री म्हणाली.

“आणि काढ म्हणाले मी,” तोमे आजी म्हणाली.

तेराव्या दिवशी मिसाओने मला पुन्हा त्याच खिळ्यावर टांगले. मला कोणी काढत नाही. अंघोळीला येणारा आधी वळणापर्यंत जातो, पाठमोरा उभा राहून हाक मारतो, मग वळून कुंडात बघतो आणि परत येऊन माझ्या शेजारी आपली पाटी लावतो. वर्षानुवर्षांची लाज लोकांनी तेवढ्यापुरती बाजूला ठेवली आहे. मिसाओ बेटावरच राहिली. तीही अशीच हाक मारते.

मित्रांनो, ओळखीचे माणूस नेहमीसारखेच वागते आहे असे वाटले, की आपण त्याच्याकडे बघणेच सोडतो. तसे करू नका. खांबापासून वळण दहा पावलांवर आहे. त्या दिवशी ती दहा पावले कोणी चालले नाही, आणि त्याला कारण मी वाईट होते किंवा बेटावरचे लोक वाईट होते असे नाही. आम्हा सगळ्यांचे इवाकिचीवर प्रेमच होते.