शिवणबाईंचा डावा पाय

मी एक जुना पाय आहे, मित्रांनो. डावा, गुडघ्याखालचा. हाडामांसाचा नाही, प्लास्टिकचा आणि रबराचा; पण चाललो मात्र कुणाच्याही पायाइतका.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा पाय तरुणपणीच ट्रकखाली गेला होता. गुडघ्याखाली उरलेल्या भागाचा साचा घेऊन एका कारागिराने मला घडवले. मला घालून बाई शिलाई मशीनवर बसल्या, पायडल दाबले आणि मशीन धावू लागले.

"अगंबाई, हा तर सख्ख्या पायापेक्षा गुणी निघाला! याला मुंग्यासुद्धा येत नाहीत," असे म्हणून त्या हसता हसता रडल्या.

त्यानंतर आम्ही ढिगाने गणवेश शिवले आणि त्या शिलाईवर बाईंनी एकुलत्या लेकीला शिकवले. मी सैल झालो की कारागीर नवे अस्तर लावून मला नीट बसवून देई.

पुढे लेक नोकरीसाठी परदेशी गेली, तिकडेच तिचा संसार झाला. आईने कायमचे राहायला यावे, असा तिने धोशा लावला. निघण्याआधी बाई कारागिराकडे गेल्या.

तो म्हणाला, "ताई, याचं वय झालंय. नवा करून घ्या. आणि तिकडे पाय कोण बघतं, विम्यात काय बसतं, ते लेकीला आधीच विचारायला सांगा."

लेक फोनवर म्हणाली, "आई, तू ये तर आधी! विम्याचं आल्यावर बघू. इथे सगळं मिळतं."

सामानात स्वेटर आले, नातवासाठी झबली आली. माझी तयारी तेवढी राहून गेली.

तिकडे सगळे मिळत होते, हे खरे. पण जुने अपंगत्व आणि बाईंचा साखरेचा आजार विम्यात बसणार नाही, असे विमेवाल्यांनी सांगितले. लेकीचा उतरलेला चेहरा बाईंनी पाहिला. जावई म्हणाले, "करू काहीतरी." ते काहीतरी रोज उद्यावर जात राहिले.

थंडीत बाई वाळल्या. मी सैल पडलो आणि त्यांना घासू लागलो. मला कळत होते, पण पायाला तोंड कुठे असते? बाई आत चिंध्यांची घडी घालून मला घट्ट बसवत. साखरेमुळे पाय बधिरलेला, त्यामुळे त्यांना फारसे दुखतही नव्हते. मग चिंध्या ओल्या निघू लागल्या. बाई त्या गुपचूप धुऊन टाकत.

"आई, लंगडतेस का गं?"

"छे! फरशी गुळगुळीत आहे, बिचकते जरा."

ताप चढला तेव्हा लेकीने मला काढले. आत काय होते, ते मला सांगवत नाही.

"अगं आई, सांगायचंस तरी!"

"तुझ्या जिवाला आधीच का थोडा घोर आहे?"

डॉक्टरांनी बाईंचा जीव वाचवला, पण पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. आता मला जोडायला बाईंना गुडघाच नाही. मी कपाटाच्या तळाशी पडून असतो.

मित्रांनो, दूरदेशी निघालात तर कपड्यांच्या आधी घरातल्यांची दुखणी मोजा. औषध कुठे, डॉक्टर कोण, विमा कशाचा, हे पाऊल उचलण्याआधी विचारा. आणि दुखले तर सांगा हो, घोर लागेल म्हणून झाकू नका.

लेक आता विमेवाल्यांना, डॉक्टरांना, पाय बनवणाऱ्यांना सारखे फोन करत असते. खुर्चीतून बाई म्हणतात, "पुरे गं आता. ये, बस जरा माझ्याजवळ."

ती बसत नाही. पुढचा नंबर लावते.