खिदळीचा कोट

आत्याच्या शिवणाच्या दुकानात मापं घ्यायची एक आळशी रीत होती. टाचणी आणि खिदळी दोघी एकाच बांध्याच्या, म्हणून जी हाताशी सापडेल तिला उभी करायची आणि दोघींचे कपडे त्याच मापावर बेतायचे. टाचणी आत्याची भाची, शाळा सुटली की दुकानातच पडीक. खिदळी तिची जिवाभावाची मैत्रीण. ही नावंही आत्यानेच पाडलेली, एक अंगाने तशी म्हणून, दुसरी कशालाही खिदळते म्हणून. थंडीच्या कोटाची वेळ आली तेव्हा खिदळी म्हणाली, "तूच उभी राहा गं, मला कंटाळा आलाय." टाचणी उभी राहिली. कोट शिवून व्हायच्या आतच खिदळीने जीव दिला.

मग सुरू झाला चौकशांचा रतीब. जितकी तोंडं तितकी कारणं. कुणी म्हणे मार्क, कुणी म्हणे मुलगा, कुणी म्हणे मोबाइल. समोरच्या चष्म्यांच्या दुकानवाल्याने तिला उभ्या जन्मात दोनदा पाहिली असेल, पण तोही मान हलवून म्हणाला, "मला आधीच वाटलं होतं." वाटलं होतं तर बोलायला काय धाड भरली होती?

टाचणीला मात्र सगळे एकच विचारत, "तुला तर माहीत असेल ना?" आणि तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आदल्या दिवशी दोघी बसस्टॉपवर गणिताच्या सरांच्या चालीची नक्कल करून पोट धरधरून हसल्या होत्या. एवढं गळ्यात गळा घालून हिंडायचं आणि आपल्याला पत्ताच नाही? मग आपण कसल्या डोंबलाच्या मैत्रिणी? तिला लाज वाटायची. म्हणून एकदा मधल्या सुट्टीत मुलींनी घेरलं तेव्हा ती खाली बघून बोलून गेली, "हो, बोलली होती माझ्याशी. पण ते मी कुणाला सांगणार नाही." मुली एकदम गप्प झाल्या. एकीने तर आपला डबा पुढे केला. पण असल्या गोष्टीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? ती शाळेतून निघाली ती थेट खिदळीच्या घरी पोचली.

चार दिवसांनी दुपारी खिदळीची आई दुकानात आली. आत्या अस्तराचं कापड आणायला गेली होती, टाचणी एकटीच कुणाच्या तरी शर्टाला काजं करत बसली होती.

"कोट झालाय म्हणे," काकू म्हणाल्या.

झाला होता. अर्धवट काम आत्याला बघवत नाही, म्हणून तिने डोळे पुसत पुसत तो पुरा केला होता. टाचणीने तो हँगरवरून काढून दिला. काकूंनी हातात धरून उलटासुलटा पाहिला आणि परत तिच्याकडेच दिला.

"घाल बरं."

टाचणीने घातला. काकूंनी खालपासून वरपर्यंत बटणं लावली, खांदा ओढून पाहिला. कोट बेतशीर बसला होता.

"माप माझंच होतं, काकू."

"तिला ढगळ झाला असता. वाळली होती गं शेवटी शेवटी. मी आपली म्हणायची, खाण्याचे नखरे करतेस." हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा त्या बोलत होत्या. मग कोटाची कॉलर सारखी करत म्हणाल्या, "तुला सांगितलं होतं ना तिने? मी ओरडणार नाही. फक्त काय म्हणाली तेवढं सांग."

 टाचणीचं उत्तर तर तयार होतं, अगदी जिभेच्या टोकावर. 'तुमच्यावर राग नव्हता तिचा, काकू.' एवढं म्हटलं असतं तरी बाई रात्री चार घास नीट जेवली असती. कुणास ठाऊक, ते खरंही असेल. पण मग काकू पुढचं विचारणार, त्याच्याही पुढचं विचारणार, आणि खिदळीच्या तोंडी आपणच बोलणं घालत बसायचं. ती खरंच जे जे बोलली होती त्यात हे सगळं मिसळून गेलं असतं, आणि टाचणीला ते नको होतं.

"काहीच नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी वर्गात खोटं बोलले. मला काही माहीत नव्हतं, काकू. शप्पथ. आदल्या दिवशी आम्ही नुसत्या हसत होतो."

काकू आता चिडतील असं तिला वाटलं. चिडल्या असत्या तर बरंच झालं असतं. त्या नुसत्या इस्त्रीच्या टेबलाला टेकल्या.

"मला तुझा हेवा वाटायचा," त्या म्हणाल्या. "आणि बरंही वाटायचं. म्हटलं, मला नाही तर नाही, पण कुणाशी तरी बोलली. अगदीच एकटी नव्हती पोर."

 या बाईचा उरलासुरला आधारही आपण काढून घेतला, एवढं टाचणीला कळलं. ती कोट उतरवायला लागली, पण बटणं निघेनात. शेवटी काकूच पुढे झाल्या.

"तू कुणाला सांगतेस?" बटण सोडवता सोडवता त्यांनी विचारलं.

"काय?"

"काहीही. झोप लागत नाही, भीती वाटते, शाळा नको वाटते. कुणाला सांगतेस?"

टाचणीने तोंड उघडलं. आईबाबांना आधीच काय कमी व्याप, आणि आत्या 'होईल गं सगळं ठीक' म्हणून मशीन सुरू करते.

"तिला सांगायचे," ती म्हणाली.

इतके दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सगळे म्हणत, घट्ट पोरगी आहे. ती आता ओक्साबोक्शी रडायला लागली, नाक-डोळे एक झाले. काकूंनी तिला जवळबिवळ घेतलं नाही. त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मला सांग," त्या म्हणाल्या.

"काय सांगू?"

"जे असेल ते. मला कुठे जायचं नाहीये."

टाचणीने बाहीने नाक पुसलं.

"मला तिचा खूप राग येतो, काकू."

"मलाही येतो," काकू म्हणाल्या. "पुढे बोल."